सँडो बनियनवाला माणूस किती किलोचा होता?

पत्र आलंय दारव्हा तालुक्यातल्या एका पोराचं, जसं आलं तसं थोडं कापून देतो:

"भाऊ नमस्कार. वय 23, उंची 5 फूट 7 इंच. पाच एकर वावर आहे, कपाशी, सोयाबीन, तूर. तालुक्याच्या जिममधी जाऊन चौदा महिने झाले. 54 किलो होतो, आता 62 हाओ, दंड 13 इंच. पण पेरणीपासून काट्यावर काहीच वाढून नाही राहिलं. जिमवाले भाऊ म्हणतात न्याचरलमधी तुझं एवढंच, आता कोर्स लागते, 18 हजार. माह्या दोस्तानं लावला, दोन महिन्यात 9 किलो वाढला. मोबाईलवर एक जण आहे, माह्याच उंचीचा, 96 किलो, पोटावर आठ गठ्ठे, तो म्हणते मी न्याचरल. अन् आमचे आबा म्हणतात पहिलेचे लोकं काही न घेता याहून तगडे होते. खरं काय? न्याचरल माणूस कुठपर्यंत जाते? दिवाळीनंतर कापूस विकला की पैसे येतीन, तवा लवकर सांगा."

अरे भाऊ, पहिले तर ते 18 हजार. (कोर्स म्हणजे मसल वाढवणाऱ्या स्टेरॉईडच्या सुया-गोळ्या, अन् न्याचरल म्हणजे त्या न घेणारा.) दोन-अडीच क्विंटल कापसाचा पैसा आहे तो, अन् त्यातली वेचाई अजून कापलीच नाही तू. एवढा हिशोब मनात ठेव, बाकीचं आता निवांत बोलू.

तुझी खरी अडचण अंग नाही, तुझी नजर बिघडली आहे. चौदा महिन्यात 8 किलो चढवून माणूस "काहीच झालं नाही" म्हणून पत्र लिहून राहिला म्हणजे तो स्वतःला चुकीच्या काट्यावर तोलून राहिला. काटा कोणता घ्यायचा ते समजायला थोडं मागं जावं लागते, अन् आबांना सोबत घेऊन जाऊ कारण आबा अर्धे बरोबर आहेत.

तू जिममध्ये घालतो ना ती सँडो बनियन, ती ज्याच्या नावानं विकली जाते तो माणूस खरा होऊन गेला. युजेन सँडो, जन्म 1867, प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा. वजन उचलणारे त्याच्या आधीही लय होते, पण हा पहिला ज्याला बघायला लोक तिकीट काढत ते त्याच्या अंगासाठी, त्यानं काय उचललं त्यासाठी नाही. 1893 ला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्यानं गर्दी खेचली, 1904-05 मध्ये तर आपल्याकडेही खेळ करून गेला. 14 सप्टेंबर 1901 ला यानंच लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली, पंच तो स्वतः, एक मूर्तिकार, अन् तिसरा आर्थर कॉनन डॉयल, तोच तो शेरलॉक होम्सवाला. जिंकला नॉटिंगहॅमचा विल्यम मरे. मूर्तिकार पंच कायले, तर तेव्हा अंग मोजायचं माप होतं जुन्या ग्रीक पुतळ्यांचं. मान, दंड अन् पिंडरी तिन्ही एका मापाचे असावेत, हा त्या लोकांचा आवडता नियम. आता तू टेप घे अन् स्वतःची पिंडरी मोज, डवऱ्यामागं चालणाऱ्या पोराची पिंडरी दंडापेक्षा मोठीच निघते, जिमवाल्याचं उलटं निघते, ते सोड.

आता मुद्द्याचं. हा सँडो, ज्याला त्या काळी जगातला सगळ्यात परिपूर्ण देह म्हणत, तो साधारण पावणेसहा फुटाच्या आतबाहेरचा अन् 80-85 किलोचा होता. बस. आज त्याला कपडे घालून तुझ्या जिममध्ये उभा केला तर तुझे जिमवाले भाऊ त्यालाही म्हणतील की तुझं न्याचरलमध्ये एवढंच, कोर्स लागते. अन् फोटोची हुशारी तेव्हाही होती बरं का, अंगाला पांढरी पावडर चोपडून संगमरवरासारखा दिसायचा, मागं काळा पडदा, उजेड एका बाजूनं. आज ते काम फिल्टर करते, रिंग लाईट करते.

मी सँडोचं एवढं कौतुक का सांगतो, कारण तो कोणत्या साली होता ते महत्त्वाचं आहे. दोन साल पाठ कर, 1935 अन् 1958. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या अंगातलं हार्मोन वेगळं काढून प्रयोगशाळेत बनवलं गेलं ते 1935 ला, त्याच कामाच्या ओघात बुटेनांट अन् रुझिच्का या दोघांना 1939 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. म्हणजे 1935 च्या पहिलेचा कोणताही पैलवान, कोणताही सँडो घे, त्यानं मनात आणलं असतं तरी इंजेक्शन घेता येत नव्हतं, कारण ते जगात नव्हतंच. मग 1958 ला सिबा कंपनीची डायनाबॉल ही स्टेरॉईडची गोळी अमेरिकेच्या बाजारात आली, जॉन झिग्लर नावाचा डॉक्टर वेटलिफ्टर पोरांवर ती वापरायला लागला अन् तिथून पुढं स्टेजवरचे माणसं फुगत गेले. तर कोणाचा फोटो पाहून तुला वाटलं की आपण असं का नाही, तर पहिले बघ तो फोटो कोणत्या सालचा आहे. 1935 च्या आधीचा असेल तर बिनधास्त तुलना कर. त्याच्या अन् 1958 च्या मधला असेल तर बहुतेक खरा माल आहे, पण शपथ कोणाची घेता येत नाही. त्याच्या नंतरचा असेल तर जरा हळू.

मधल्या काळातले दोघं सांगतो. जॉन ग्रिमेक, 1940 अन् 1941 असा लागोपाठ मिस्टर अमेरिका, इतका वरचढ की मग नियमच केला की जिंकलेल्यानं परत उतरायचं नाही. 5 फूट 8-9 इंच, वजन 88 किलोच्या आसपास. दुसरे आपले बंगालचे मनोहर आईच, उंची 4 फूट 11 इंच, इंग्रज अधिकाऱ्याच्या कानफटात मारली म्हणून जेलात गेले अन् जेलातच अंग कमावलं, 1952 ला बुटक्यांच्या गटात मिस्टर युनिव्हर्स झाले. खाणं काय, तर पाण्यात भिजवलेला शिळा भात, मासे, दाळ, दूध. 2016 ला गेले तेव्हा वय 104. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं तुला माहीतच असेल, 1914 चं, तिथली पोरं 1936 ला बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये आपले खेळ दाखवून आली. त्या पोरांचे अंग मल्लखांब, जोर, बैठका, मुद्गल याच्यावरच बनलेले. अन् आबांचे पैलवान? पैलवान वजनदार होते, ताकदीचे होते, पण त्यांच्या पोटावर गठ्ठे नव्हते भाऊ, पोट होतं. आबा ताकद सांगून राहिले अन् तू गठ्ठे ऐकून राहिला, म्हणून दोघांचं जुळत नाही.

आता आकडे, कारण तू आकड्याचा माणूस दिसतो. एक हिशोब आहे, त्याला एफएफएमआय म्हणतात, सोपा आहे. अंगातली चरबी वजा करून जे वजन उरते ते किलोत घे, त्याला उंचीच्या वर्गानं भाग, उंची मीटरमध्ये. तुझी उंची 1.7 मीटर, वर्ग 2.89. तुझ्या अंगात चरबी 14 टक्के धरू, म्हणजे बिनचरबीचं वजन 53 किलो, भागाकार 18.4. सुरुवातीला 54 किलोचा होता तेव्हा 12 टक्के धरलं तर 16.4 येते. म्हणजे चौदा महिन्यात तू दोन अंक वर चढला, बिनचरबीचंच साडेपाच-सहा किलो वाढवलं, अन् तुला वाटते काही झालं नाही!

1995 ला अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, 157 वजन उचलणाऱ्या माणसांचा, 83 स्टेरॉईड घेणारे अन् 74 न घेणारे. न घेणाऱ्यांचा आकडा 25 च्या आसपास येऊन थांबलेला दिसला, घेणारे त्याच्या खूप वर गेले. त्यांनी 1939 ते 1959 च्या 20 मिस्टर अमेरिकांचाही अंदाज काढला, सरासरी 25.4. म्हणजे 25 ही काही सिमेंटची भिंत नाही, एखादा जन्मजात दांडगा 26 पण जाईल, ग्रिमेक तसाच होता. पण ध्यानात घे की तो आकडा अख्ख्या अमेरिकेतून निवडून आलेल्या एकेका माणसाचा आहे. तुझं माझं घर तिथं नाही.

मग तो मोबाईलवाला. तुझीच उंची, 96 किलो, पोटावर आठ गठ्ठे म्हणजे चरबी 6-7 टक्के तरी सांगत असेल. 96 तून 6 टक्के काढ, 90 उरले, भागिले 2.89, उत्तर 31. सँडो 24-25, मिस्टर अमेरिका 25, अन् हा 31, अन् वरून प्रोटीनचा डब्बा विकून राहिला. मी त्याचं रक्त तपासलं नाही, पण बैल बारा क्विंटल दूध देते असं कोणी म्हटलं तर मी गोठ्यात जाऊन पाहत नाही.

तुझ्यासाठी खरं टार्गेट काय, तर 21 ते 22. म्हणजे बिनचरबीचं 61 ते 64 किलो, वजन काट्यावर 71 ते 74, दंड साधारण साडेचौदा-पंधरा. तेही अजून चार-पाच वर्षांत. नशिबानं हाडं जाड असतील, मनगट भरलेलं असेल तर 77 पण. पहिल्या वर्षी जे वाढते ते सगळ्यात जास्त, पुढं दरवर्षी कमी-कमी होत जाते, हे सगळ्यांचं होते, त्याला "थांबलं" म्हणत नाहीत. मी स्वतः 168 सेंटिमीटरचा, 52 पासून सुरू केलं, 73 वर गेलो, त्याला पंधरा वर्ष लागली अन् त्यातली पहिली सात तर मी दुसऱ्याच्या फोटोकडं बघून रडण्यात घालवली. पण 73 किलोचा माणूस आमच्या गावात शर्ट काढून विहिरीत उतरला ना की लोक विचारतात, पैलवान कुठले. पंच्याहत्तर किलोचं कसलेलं अंग खऱ्या जगात मोठं दिसते, ते फक्त मोबाईलमध्ये लहान दिसते.

आता तुझा दोस्त. औषध काम करत नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कायले बोलू. 1996 ला 43 माणसांवर 10 आठवड्याचा प्रयोग झाला होता, आठवड्याला 600 मिलिग्राम टेस्टोस्टेरॉन. ज्यांनी नुसतं इंजेक्शन घेतलं अन् व्यायाम काहीच केला नाही त्यांचं बिनचरबीचं वजन 3 किलोच्या वर वाढलं, अन् जे बिनऔषधाचे घाम गाळत होते त्यांचं 2 किलो. समजलं? खाटेवर बसलेला पुढं गेला. दोन्ही केलेल्यांचं 6 किलो. म्हणून दोस्ताचे 9 किलो बघून तू स्वतःच्या मेहनतीला शिव्या देऊ नको, ती शर्यतच वेगळी आहे. अन् त्या 9 मध्ये पाणी किती ते कोर्स संपल्यावर दिसेलच.

पण त्याची किंमत ते जिमवाले सांगत नाहीत. बाहेरून हार्मोन आलं की अंग आपलं बनवणं बंद करते, अंडकोष लहान होतात, वीर्यात शुक्राणू कमी होतात, कधी नाहीसेच होतात. कोर्स सोडला की महिनोन्महिने माणूस मरगळलेला, कशातच मन नाही, अन् मग दुसरा कोर्स लावते कारण औषधाशिवाय जमतच नाही. छातीला बायकांसारखी गाठ येते, ती मग बहुतेक ऑपरेशननंच निघते. चांगलं कोलेस्टेरॉल खाली, वाईट वर, बीपी वर, हृदयाचे स्नायू जाड. गोळीवाला कोर्स असेल तर लिव्हर. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही औषधं विकायचीच नाहीत, म्हणजे तुझ्या जिममध्ये जी बाटली येते ती कोणी भरली अन् आत काय आहे हे त्या भावालाही ठाऊक नसते. अन् सुई एकाची दुसऱ्यानं वापरली तर कावीळ बी, सी अन् एचआयव्ही हे वेगळंच. दोस्ताला शिव्या देऊ नको, फक्त सरकारी दवाखान्यात घेऊन जा, बीपी मोजू दे, लिव्हर अन् कोलेस्टेरॉलचं रक्त देऊ दे, अन् डॉक्टरला खरं सांगू दे की काय घेतलं. डॉक्टर पोलिसात देत नाही.

अजून एक, हे माझ्या घरचं आहे म्हणून सांगतो. वीसेक वर्षांमागं मीही "वजन वाढीचं" म्हणून एका दुकानातून कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या आणल्या होत्या. महिन्यात 5 किलो. आई म्हणे पोराचा चेहरा भरला. चेहरा भरला नव्हता, सुजला होता. डॉक्टरनं गोळी पाहिली अन् म्हणाले डेक्सामेथासोन. तेही स्टेरॉईडच, पण दुसऱ्या जातीचं, ते मसल बनवत नाही उलट खाते, वरून पाणी अन् चरबी चढवते, अन् अचानक बंद केलं तर जिवावर येऊ शकते म्हणून डॉक्टरनं हळूहळू उतरवलं. तर स्वस्तातली पुडी कोणी दिली तर तीही नको.

आता ते पेरणीपासून अडकलेलं वजन. तूच लिहिलं आहे बघ, "पेरणीपासून". पहिले आठ-नऊ महिने तू काय करत होता? हिवाळा-उन्हाळा, जिम, खाणं, झोप, 8 किलो. मग जून लागला. पेरणी, निंदण, डवरणी, पाठीवर पंप घेऊन फवारणी, मग सोयाबीनची सोंगणी, आता वेचणी, अन् तुरीला ओलीत द्यायला रात्रीची लाईन, म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवस तू रात्री दोन वाजता मोटरजवळ उभा. अन् एवढं करून तीच जुनी भाकर खाऊन परत तालुक्याला जिमला. जिमवाल्यानं कधी विचारलं का तुला की बाबू रात्री झोपला का? तुझी लिमिट आली नाही भाऊ, तुझा खरीप आला.

तर असं कर. जूनपासून तूर घरात येईपर्यंत आठवड्यात दोनच दिवस जिम, बैठक, बेंच, रो, डोक्यावर प्रेस, एवढंच, कमी सेट पण वजन तेच जड ठेव. कमावलेलं टिकवायला फार थोडं लागते, वाढवायला जास्त लागते, हे त्या कोर्सवाल्यांना सांगायचं नसते. तूर निघाली की मग जानेवारी ते मार्च चार दिवस दाबून कर, एप्रिल-मे मध्ये पहाटे पाचला, 45 डिग्रीत दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कोणी वजन उचलत नसते. रात्रीच्या ओलिताच्या दुसऱ्या दिवशी जिम नाही, दुपारी झोप. घरचे म्हणतील पोरगं दुपारी लोळते, म्हणू दे.

खाणं. तुला दिवसाला 100 ग्राम प्रोटीन बस आहे, वजनाच्या किलोमागं 1.6 धरून. चार भाकरी 24, दोन वाट्या घट्ट वरण 13, अर्धा लिटर दूध किंवा त्याचं दही 16, तीन अंडे 18, मूठभर फुटाणे 6, अन् 50 ग्राम सोयाबीन वड्या 26. झाले 103. सोयाबीन तू पिकवतो, क्विंटलनं विकतो, अन् प्रोटीनचा डब्बा ऑनलाईन मागवतो, हे आपल्या विदर्भातच होऊ शकते. (कच्चं सोयाबीन दळून खाऊ नको, पोट बिघडते, वड्या किंवा नीट शिजवलेलं.) कोणी म्हणेल सोयाबीननं माणूस बाईसारखा होते, होत नाही, एवढ्यानं काही होत नाही. वजन तरी हलत नसेल तर दोन भाकरी अन् चमचाभर शेंगदाण्याचं तेल वाढव, कारण फवारणीच्या दिवशी तुला ऑफिसवाल्याच्या दीडपट जेवण लागते. पैसे उरले तर क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्राम, ते स्टेरॉईड नाही, मांसामाशात असतेच. त्याच्या पलीकडं काही घ्यायचं नाही.

औंधचे राजे पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले, त्यांनीही पहिले सँडोचं यंत्र मागवून वर्षानुवर्ष त्यावर व्यायाम केला होता, मग ते ठेवून दिलं अन् नमस्काराकडं वळले. राजालाही विलायती फोटोची भुरळ पडली होती, तू तर 23 चा आहे.

टेप अन् काटा महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, काही खायच्या आधी, आरशात रोज नाही. मान, दंड, पिंडरी, छाती, कंबर वहीत लिही. आबांना विचारून त्यांचं तरुणपणीचं वजन पण लिही, मला अंदाज आहे ते जिनिंगच्या काट्याशिवाय कशावर चढलेच नसतील. वहीचे आकडे मला पोळ्याला पाठव. दोस्ताचा रिपोर्ट त्याच्या लय आधी, याच आठवड्यात.